वसाहतीतल्या रस्त्याची देखभाल आणि दुरुस्ती : पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

घरांच्या रांगांमधून जाणारा छोटा रस्ता सहसा रहदारीने झिजून संपत नाही, तो पाण्याने संपतो. त्यावरून जाणारी वाहने बहुतांशी हलकी असतात, त्यांचा वेगही कमी असतो, आणि तरीही काही वर्षांतच रस्त्याची चाळण झालेली दिसते. त्याचे कारण वरून दिसणाऱ्या काळ्या थरात शोधून सापडत नाही, कारण बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा त्या थराच्या खाली झालेली असते. म्हणूनच हा लेख खड्डा भरण्यापासून सुरू न करता, रस्ता आतून कसा असतो आणि पाणी त्यात कोणत्या वाटेने शिरते, इथून सुरू केला आहे. काम प्रत्यक्ष स्वतः करायचे नसून ठेकेदाराकडून करून घ्यायचे असले, तरी हे क्रम माहीत असणे आवश्यक आहे, कारण डांबराचा थर एकदा अंथरला की खाली काय केले आणि काय राहिले हे कोणालाच दिसत नाही.

सर्वांत आधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची लेखी खात्री करून घ्यावी. रस्ता स्थानिक प्रशासनाचा असेल तर रहिवाशांनी परवानगीशिवाय त्यावर खोदकाम करू नये. तिथे आपले काम पाहणी, नोंद आणि पाठपुरावा एवढेच. रस्ता गृहसंस्थेच्या मालकीचा असला तरी त्याखालून जाणाऱ्या पाण्याच्या, सांडपाण्याच्या, विजेच्या आणि गॅसच्या वाहिन्या कुठे आणि किती खोल आहेत, हे कळल्याशिवाय टिकाव मारू नये.

रस्ता आतून कसा असतो

तळाशी दाबून बसवलेली माती, तिच्यावर मुरूम किंवा जाड खडी, त्यावर लहान-मोठ्या खडीचा घट्ट दाबलेला थर आणि सर्वांत वर डांबर व खडीचे मिश्रण, अशी डांबरी रस्त्याची साधारण रचना असते. चाकाचा भार वरच्या थरावर तळहाताएवढ्या जागेत पडतो आणि खाली जाताना पसरत जातो, त्यामुळे मातीपर्यंत पोहोचेपर्यंत तो तिला पेलवेल इतका सौम्य झालेला असतो. शेवटी भार पेलते ती मातीच. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली रस्तेबांधणीची पद्धत याच विचारावर उभी केली होती: खालची जमीन कोरडी ठेवली तर ती कोणतेही ओझे सहन करते, आणि वरच्या खडीचे एक मोठे काम तिच्यावर छप्पर धरण्याचे आहे. दोनशे वर्षांत यंत्रे आणि साहित्य बदलले, हे तत्त्व मात्र तसेच राहिले आहे.

छपरासारखाच रस्त्यालाही उतार लागतो. मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांना उतरता असा हा आडवा उतार डांबरी रस्त्याला साधारणपणे २ ते २.५ टक्के असतो. सहा मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्यरेषा कडेपेक्षा ६ ते ७.५ सेंटिमीटर उंच असली पाहिजे, असा याचा अर्थ होतो. दोन्ही कडांवर धरलेली ताणलेली दोरी आणि एक पट्टी एवढ्या साहित्यावर हे मोजता येते, आणि नवख्या माणसाने करावयाचे पहिले मोजमाप हेच आहे.

पाण्याच्या खालोखाल शत्रू म्हणजे अवजड वाहन. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या एका मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की आसावरचा, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी दुप्पट न होता जवळजवळ सोळापट होते. म्हणजे हानी भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. या हिशेबाने मोटारीच्या दहापट भार असलेला आस एका फेरीत मोटारीच्या हजारो फेऱ्यांएवढी झीज करतो. वसाहतीत बांधकाम सुरू असताना येणारे वाळूचे आणि काँक्रीटचे ट्रक एका हंगामात रस्ता खिळखिळा का करतात, हे यावरून समजते. नवे डांबरीकरण अशा बांधकामानंतरच करावे, हा माझा आग्रह आहे.

पाहणी केव्हा आणि कशी करावी

पाहणी दोनदा करावी. पहिली, पाऊस थांबल्यावर तासाभराने: ज्या ठिकाणी तेव्हाही पाणी साचलेले असेल, तिथे खडूने किंवा रंगाने कड आखून घ्यावी आणि छायाचित्र काढावे. दुसरी, कोरड्या दिवशी सूर्य नुकताच वर आलेला असताना, कारण तिरप्या उन्हात पृष्ठभागावरचे उंचसखलपण सावल्यांमधून उठून दिसते आणि तेच भर दुपारी दिसेनासे होते. रस्त्याचा एक साधा नकाशा काढून त्यावर चेंबरची झाकणे, गटारांची तोंडे, झाडे आणि प्रत्येक बिघाड मांडावा. भेगेच्या दोन्ही टोकांना तारीख लिहून खूण केली, तर सहा महिन्यांनी ती किती वाढली ते निश्चितपणे सांगता येते.

बिघाडाच्या रूपावरून कारणाचा अंदाज बांधता येतो आणि कारणावरूनच इलाज ठरतो, त्यामुळे इथे थोडा वेळ द्यावा. रस्त्याच्या आडव्या दिशेने ठरावीक अंतरावर आलेल्या सरळ भेगा बहुधा तापमानातील फरकामुळे थर आकसल्याने येतात. खालचा पाया शाबूत असतो आणि भेग भरली की काम भागते. कडेलगत लांबच्या लांब गेलेली भेग म्हणजे बाजूच्या साइडपट्टीने आधार सोडला आहे किंवा कडेला पाणी मुरते आहे. मगरीच्या पाठीसारखी जाळीदार भेगांची जागा ही सर्वांत गंभीर खूण होय, कारण तिथे पाया मऊ झालेला असतो आणि प्रत्येक चाकाखाली वरचा थर वाकत असतो. अशा जागेवर नुसते डांबर ओतणे हा निव्वळ अपव्यय आहे. वळणावर किंवा गाड्या जिथे थांबतात तिथे चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा पडल्या असतील, तर वरचा थर खालच्या थराला चिकटलेला नाही. पृष्ठभागावरून खडी सुटून रस्ता खरबरीत होत असेल, तर डांबर म्हातारे झाले आहे, कमी पडले आहे किंवा थर दाबताना हयगय झाली आहे. ऊन आणि हवेने डांबर वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि त्याची चिकाटी कमी होते, हेही लक्षात असू द्यावे.

चेंबरच्या भोवती किंवा वाहिनीच्या रेषेवर रस्ता खचलेला दिसला तर विशेष सावध व्हावे. गळक्या वाहिनीतून माती वाहून गेल्याने खाली पोकळी झालेली असू शकते. लोखंडी पहारीने हलके ठोकून पाहिल्यावर आवाज पोकळ येत असेल, तर ती जागा तत्काळ वाहनांसाठी बंद करावी आणि आधी वाहिनी दुरुस्त करून घ्यावी.

पाण्याला वाट करून देणे

दुरुस्तीचे पहिले प्रत्यक्ष काम डांबराचे नाही, गटारांचे आहे. गटारांची तोंडे आणि जाळ्या साफ कराव्यात. कडेला साचलेली माती आणि गवत खरडून काढावे, कारण ही काही सेंटिमीटरची वरंबी पाण्याला रस्त्यावरच अडवून धरते आणि ते मग कडेच्या भेगेतून आत मुरते. साइडपट्टी रस्त्याच्या कडेपेक्षा किंचित खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती असावी. घरांच्या छपरांचे आणि अंगणांचे पाणी नळीने थेट रस्त्यावर सोडलेले असेल तर ते गटाराकडे वळवावे. बागेला पाणी घालताना, गाडी धुताना रोज एकाच जागी वाहणारे पाणीही कालांतराने कड पोखरते; शेजाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. एकच खड्डा वर्षातून तीनदा भरावा लागत असेल, तर चौथ्यांदा भरण्यापूर्वी त्याच्या चढाच्या बाजूला असलेली नळजोडणी तपासावी.

भेगा भरणे

देखभालीच्या सर्व कामांत सर्वांत कमी श्रमात सर्वांत जास्त आयुष्य वाढवणारे काम हे आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षितही हेच आहे. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेगा एकेक करून भरता येत नाहीत. त्या फार असतील तर संपूर्ण पृष्ठभागावर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा डांबराचा पातळ थर, घेणे योग्य ठरते. त्याहून रुंद, साधारण वीस मिलिमीटरपर्यंतच्या भेगा तारेच्या ब्रशने खरडून, दाबाच्या हवेने धूळ आणि मुळे काढून पूर्ण कोरड्या कराव्यात. भेग खोल असेल तर खालचा भाग कोरड्या बारीक वाळूने भरून वरचे दीड-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवावेत आणि त्यात लवचीक सीलंट (भेग बुजवणारा चिकट पदार्थ) किंवा डांबरी इमल्शन (पाण्यात बारीक कणांनी मिसळलेले डांबर) पृष्ठभागाच्या किंचित खाली राहील इतके भरावे. वर दगडाची कच भुरभुरली की ते चाकांना चिकटत नाही. वीस मिलिमीटरहून रुंद भेगेत बारीक खडीचे डांबरी मिश्रण ठासून भरावे लागते. थंड हवेत भेगा उघडतात आणि उष्णतेत मिटतात, म्हणून कोरडी आणि बेताची थंड हवा या कामाला उत्तम. ओल्या भेगेत ओतलेले सीलंट कडांना धरत नाही. आत अडकलेले पाणी उलट आतच राहते.

खड्डा भरणे

खड्ड्यात मिश्रण टाकून फावड्याने थोपटणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पुढचे टप्पे याच क्रमाने व्हावेत, आणि एकही वगळू नये.

प्रथम जागा सुरक्षित करावी. शंकू, अडथळे आणि कामगारांना चमकदार जाकिटे हवीतच. लहान मुले खेळतात अशा रस्त्यावर एक माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी असावा. गरम डांबर १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते अंगावर पडल्यास किमान वीस मिनिटे स्वच्छ गार पाण्याखाली धरावे, चिकटलेले डांबर ओढून काढू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. गरम डांबराच्या भांड्यात पाणी कधीही जाऊ देऊ नये, कारण पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान दीड हजारांहून अधिक पट वाढते आणि डांबर उसळून बाहेर येते.

त्यानंतर खड्ड्याभोवती चौकोन आखावा. तो खड्ड्याच्या दिसणाऱ्या कडेपासून पंधरा ते तीस सेंटिमीटर बाहेर, जिथे डांबर टणक आहे तिथपर्यंत घ्यावा, कारण खड्ड्याची दिसणारी कड आतून आधीच सैल झालेली असते. आखलेल्या रेषेवर कटरने किंवा छिन्नीने सरळ, उभी कड कापावी. उथळ होत जाणाऱ्या उतरत्या कडेवर मिश्रणाचा थर पापुद्र्याएवढा पातळ होतो आणि तिथूनच तो उखडू लागतो. उभ्या कडेला मात्र ते दाबून बसते.

आतला सर्व सैल माल, चिखल आणि जुन्या भरावाचे तुकडे टणक तळ लागेपर्यंत काढावेत. तळ ओला आणि मऊ असेल तर तो काढून त्या जागी लहान-मोठी खडी आणि कच यांचे मिश्रण भरून धुम्मसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने (कंप देऊन दाबणाऱ्या यंत्राने) ठोकावे. नंतर खराट्याने आणि हवेने धूळ काढून खड्डा कोरडा होऊ द्यावा. धुळीवर डांबर चिकटत नाही, हे नवख्या कामगाराला प्रत्येक वेळी सांगावे लागते.

आता टॅक कोट, म्हणजे जुन्या-नव्या थरांना चिकटवणारा हात. तळाशी आणि चारही उभ्या कडांना इमल्शनचा पातळ हात द्यावा. दर चौरस मीटरला साधारण पाव किलो पुरते. इमल्शन लावताना तपकिरी दिसते आणि त्यातले पाणी वेगळे झाले की काळे पडते. ते काळे पडेपर्यंत थांबावे. तळाशी डबके होईल इतके ओतल्यास नवा थर त्यावरून सरकतो, त्यामुळे जास्त घालणे हेही नुकसानीचेच आहे.

मिश्रण किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. दाबलेल्या डांबरी मिश्रणाचे वजन दर घनमीटरला सुमारे २.३५ टन धरले, तर १.२ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर खोल खड्ड्याला सुमारे १३५ किलो मिश्रण लागेल. सैल मिश्रण दाबल्यावर खाली बसते, म्हणून ६ सेंटिमीटरच्या तयार थरासाठी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास सैल थर पसरावा. खोली याहून अधिक असेल तर दोन थरांत भरावे आणि प्रत्येक थर स्वतंत्र दाबावा.

गरम मिश्रण ताडपत्रीखाली झाकून आणावे आणि ते गरम असतानाच दाबून पूर्ण करावे. सुमारे ८० ते ९० अंशांच्या खाली गेले की कितीही रोलर फिरवला तरी ते नीट बसत नाही. थर पातळ असेल आणि वारा असेल, तर ही वेळ काही मिनिटांतच निघून जाते. मिश्रण फावड्याने उंचावरून फेकू नये, त्याने मोठी खडी वेगळी होते. दाबण्याची सुरुवात कडांकडून करून मध्याकडे जावे. पूर्ण झाल्यावर भराव आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा तीन-चार मिलिमीटर वर राहावा, कारण चाकांखाली तो अजून थोडा दबतो. सरळ पट्टी ठेवून तपासावे, सांध्याच्या रेषेवर इमल्शनचा पट्टा ओढून त्यावर कच पसरावी आणि थर हाताला सोसेल इतका निवल्यावरच रहदारी सोडावी.

पिशव्यांतून मिळणारे कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचे डांबरी मिश्रण) भर पावसात किंवा गरम मिश्रण मिळत नसताना उपयोगी पडते. तेही स्वच्छ केलेल्या खड्ड्यात थर देऊनच दाबावे. साध्या प्रतीचे कोल्ड मिक्स ही तात्पुरती मलमपट्टी समजून तिची नोंद ठेवावी आणि कोरडा हंगाम आल्यावर ती जागा पक्की करावी. मिश्रण मऊ व्हावे म्हणून त्यात डिझेल किंवा रॉकेल घालण्याची पद्धत कुठे दिसली तर ती थांबवावी. ही तेले डांबर विरघळवतात आणि भराव पुढे घट्टच होत नाही. गाडीतून ठिबकणारे तेल रस्त्यावर तसेच राहू देऊ नये, त्याचेही कारण हेच.

वाहिन्यांसाठी खोदलेले चर

चांगल्या रस्त्याचे सर्वांत मोठे नुकसान चरांमुळे होते. उकरलेली माती एकदम लोटून वर डांबर फासले की पहिल्या पावसातच लांब खाच पडते. परवानगी देतानाच लेखी अट घालावी की भराव जास्तीत जास्त पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, बेताचा ओलावा देऊन आणि प्रत्येक थर ठोकून केला जाईल, आणि वरचा डांबरी थर चराच्या दोन्ही बाजूंना किमान पंधरा ते तीस सेंटिमीटर रुंद कापून घेतला जाईल, म्हणजे नवा सांधा हलवलेल्या मातीवर न येता पक्क्या जमिनीवर येईल. प्रत्येक थराचे पट्टी लावून छायाचित्र मागावे. नवे डांबरीकरण ठरले असेल तर त्याआधी रस्त्याखालून काही रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत. पुढच्या अनेक खोदाया त्याने टळतात.

काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक

काँक्रीटच्या रस्त्याची देखभाल म्हणजे मुख्यतः सांध्यांची देखभाल. फरशीचे तुकडे साधारण साडेचार मीटरच्या अंतराने मुद्दाम कापलेले असतात. त्या सांध्यांतले सीलंट वाळून निघाले की पाणी आणि वाळू आत जाते. जुने सीलंट काढून, सांधा कोरडा करून ते पुन्हा भरावे. तुटलेली कड दुरुस्त करताना मूळ सांधा काँक्रीटने बुजवू नये, अन्यथा फरशी फुगल्यावर तीच कड पुन्हा तुटते. नव्या काँक्रीटला किमान सात दिवस सतत ओले ठेवावे.

पेव्हर ब्लॉकचा मोठा गुण असा की ते उचलून परत बसवता येतात. जागा खचली असेल तर ब्लॉक काढून खालचा खडीचा थर आधी समतल करावा, केवळ वाळू वाढवून उंची भरून काढू नये. वाळूचा थर तीन सेंटिमीटरच्या आसपासच असावा. ब्लॉक बसवून झाल्यावर सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावा आणि वाळू पुन्हा झाडावी. कडेचे दगड पक्के नसतील तर सगळी मांडणी हळूहळू बाहेर सरकते. झाडाच्या मुळाने ब्लॉक उचलले गेले असतील, तर बुंध्याजवळची जाड मुळे तोडू नयेत, त्याने झाड वादळात उन्मळू शकते. त्याऐवजी बुंध्याभोवती मोकळी माती ठेवून ब्लॉक थोडे दूर घ्यावेत.

नवा थर घेण्यापूर्वी

जाळीदार भेगा आणि खड्डे रस्त्याच्या मोठ्या भागावर पसरले असतील, तर तुकड्या-तुकड्यांची दुरुस्ती थांबवून नव्या थराचा विचार करावा. मात्र जुन्या थरावर नवा थर चढवत जाण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पाच सेंटिमीटरचे तीन थर चढले की पंधरा सेंटिमीटर उंचीचा कर्बस्टोन पूर्ण गाडला जातो, चेंबरची झाकणे खड्ड्यात जातात आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी फाटकांतून घरांत शिरते. जुना थर मिलिंग यंत्राने तेवढ्याच जाडीने खरवडून काढावा, मऊ पायाचे भाग खोदून दुरुस्त करावेत, आडवा उतार दोरीने तपासावा, आणि मगच नवा थर घ्यावा. ही अट निविदेत आकड्यांसह लिहिलेली नसेल, तर ती प्रत्यक्षात पाळली जाण्याची शक्यता कमी.

काम संपल्यावर नोंदवहीत जागा, तारीख, मोजमाप, वापरलेले साहित्य आणि शोधून काढलेले कारण लिहावे. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर त्याच नकाशासह पुन्हा फिरावे, आधी आखलेल्या कडांमध्ये पाणी अजून थांबते का ते पाहावे, आणि भरावाच्या सांध्यावर केसाएवढी जरी रेष उघडलेली दिसली तरी रस्ता वाळताच तिच्यावर इमल्शनचा हात द्यावा.